वाडीतल्या शाळेची मागणी जिल्हा परिषदेपर्यंत कशी न्यायची

जून उजाडला की रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडच्या स्थानिक पानांवर ठरलेल्या बातम्या येतात. शिक्षक नाही म्हणून पालकांनी शाळेला टाळं ठोकलं, गळक्या वर्गाबद्दल गटशिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन दिलं, आठ दिवसांत कार्यवाही न झाल्यास आंदोलनाचा इशारा. आठ दिवस जातात, गणपती येतात, आणि पुढच्या जूनला पुन्हा तीच बातमी. निवेदन देणारे खोटे नसतात आणि अधिकारीही दरवेळी नाठाळ नसतो. बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. जे पद सप्टेंबरच्या पटावर ठरतं ते जूनमध्ये मागितलं जातं. जी दुरुस्ती डिसेंबरात आराखड्यात जायला हवी, ती मे महिन्यात आठवते. आणि ज्या टेबलाला निर्णयाचा अधिकारच नाही, तिथे सगळा जोर खर्ची पडतो.

पुढचं सगळं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. खासगी शाळांचे नियम थोडे वेगळे आहेत.

टप्पा १: दुखणं नेमकं कोणतं, ते आधी ठरवा

"आमच्या शाळेला शिक्षक नाही" या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी असतात, आणि तिन्हींवर औषध वेगळं.

पहिलं, पदच मंजूर नाही. शिक्षकांची पदं संचमान्यतेत, म्हणजे पटावरून दरवर्षी होणाऱ्या पदमंजुरीत, ठरतात आणि संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर होते. त्यातही आधार जुळलेलीच मुलं धरली जातात. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत २ शिक्षक आणि ६१ ते ९० ला ३. पण प्रत्यक्ष पद मिळतं ते राज्याच्या निकषांवर. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने ते निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांना त्याचा फटका बसला. म्हणून कायद्याचं परिशिष्ट आणि सध्या लागू असलेला शासन निर्णय, दोन्ही शेजारी ठेवून वाचा. दोघांत फरक पडत असेल तर तुमचं भांडण गटशिक्षणाधिकाऱ्यांशी नाही, राज्याच्या धोरणाशी आहे. ते कसं लढायचं ते टप्पा ८ मध्ये.

दुसरं, पद मंजूर आहे पण रिकामं आहे. कोकणात हे फार. घाटावरचे शिक्षक इथे रुजू होतात आणि आंतरजिल्हा बदली मिळाली की निघून जातात, त्यांच्या जागी यायला मात्र कोणी नसतं. इथे शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ तुमच्या बाजूने आहे: शाळेतली रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. दोन पदांच्या शाळेत एक रिकामं म्हणजे थेट ५० टक्के.

तिसरं, शिक्षक हजेरीपत्रकावर तुमच्याकडे आहे, पण कामगिरीवर, म्हणजे तात्पुरता, दुसऱ्या शाळेत किंवा कार्यालयात. हे सगळ्यात लवकर सुटणारं दुखणं. तोंडी कामगिरी असेल तर लेखी आदेशाची प्रत मागितल्यावरच बऱ्याचदा मास्तर परत येतात.

इमारतीचंही तसंच. कौलं सरकली, वासे कुजले, की भिंतच कलली? पहिल्या दोन गोष्टी दुरुस्तीत बसतात. तिसरीला आधी जुन्या वर्गाचं निर्लेखन करून घ्यावं लागतं, म्हणजे अभियंत्याच्या अहवालावर ती खोली वापरातून अधिकृतपणे काढून टाकायची. तो आदेश नसेल तर जुनी खोली पाडता येत नाही, आणि कागदावर खोली उभी असेपर्यंत नवी मंजूर होत नाही. गावकरी नवी खोली मागत बसतात आणि निर्लेखनाचा प्रस्ताव कोणी पाठवलेलाच नसतो.

*तपासा:* तुमची मागणी एका वाक्यात लिहा. त्यात "व", "तसेच", "त्याचप्रमाणे" आलं तर त्या दोन मागण्या आहेत. दोन वेगळे अर्ज करा. शिक्षक, गळती, पोषण आहार आणि साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) असं सगळं एकाच निवेदनात कोंबलं, की ते चार टेबलांवर फिरतं आणि एकावरही थांबत नाही.

टप्पा २: शाळा व्यवस्थापन समिती जिवंत करा

कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत किमान ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. कागदावर ही समिती प्रत्येक शाळेत आहे. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी वही घरोघरी फिरते आणि सह्या गोळा होतात.

असं असेल तर निवेदनाच्या मागे लागण्याआधी एक खरी सभा घ्या. वेळ बायकांना जमेल अशी ठेवा. लावणीच्या दिवसांत दुपारी तीनची सभा म्हणजे बायकांना येऊच नका म्हणण्यासारखं आहे. सभेला किती जण आले, कोण काय बोललं, याचं इतिवृत्त त्याच दिवशी लिहून त्यावर सह्या घ्या. पुढे कोणी "समितीची सभाच झाली नव्हती" म्हणालं, तर हेच पान उपयोगी पडतं.

*सावधान:* मुख्याध्यापकांना शत्रूच्या जागी बसवू नका. ते नोकरदार आहेत, वरिष्ठांविरुद्ध स्वतः लिहू शकत नाहीत. समितीचा ठराव त्यांना आडोसा देतो. "समितीने ठराव केला म्हणून पाठवतोय" हे वाक्य त्यांना म्हणता आलं पाहिजे.

टप्पा ३: पुरावा गोळा करा, तोही योग्य ऋतूत

गळतीचे फोटो जुलैत काढा. दिवाळीनंतर ऊन पडलं, भिंत वाळली की तोच वर्ग ठीकठाक दिसतो आणि पाहणीला आलेले अभियंता "किरकोळ दुरुस्ती" असा शेरा मारून जातात. फोटोत तारीख येऊ द्या, मुलांचे चेहरे येऊ देऊ नका. बाकांखाली ठेवलेली घमेली, ओला झालेला फळा, भिंतीवरची ओल किती फुटांपर्यंत चढली, एवढं पुरे. २०२० च्या निसर्ग किंवा २०२१ च्या तौक्ते वादळात छप्पर गेलं असेल आणि तेव्हा पंचनामा झाला असेल, तर त्याची प्रत शोधून काढा. तो सरकारनेच लिहिलेला कागद आहे, त्यामुळे सरकारी टेबलावर त्याला वजन आहे.

अंतर पायी मोजा. पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटरच्या आत शाळा, असा नियम आहे. नकाशावर दोन वाड्यांमधली सरळ रेघ ८०० मीटर भरते, पण मधे खाडीचं शेपूट किंवा व्हाळ (ओढा) असतो आणि मुलं साकवावरून वळसा घालून जातात. साकव वाहून गेला की वळसा आणखी वाढतो. म्हणून दोन आकडे लिहा: उन्हाळ्यातली वाट आणि पावसाळ्यातली वाट. केंद्राच्या २०१० च्या आदर्श नियमांत डोंगराळ भाग, दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव अशा ठिकाणी ही मर्यादा कमी करावी असं म्हटलं आहे. त्याचा उल्लेख अर्जात अवश्य करा.

एक साधा तक्ता करा: वाडीचं नाव, मुलांची संख्या, कोरडी वाट किती मीटर, पावसाळी वाट किती मीटर, वाटेत व्हाळ किंवा पऱ्या (लहान ओहोळ) आहे का, जून ते सप्टेंबर किती दिवस मुलं येऊ शकली नाहीत. शेवटचा रकाना शाळेच्या हजेरीवरून भरा, अंदाजाने नको. हा एका पानाचा तक्ता दहा पानी निवेदनापेक्षा जास्त काम करतो, कारण साहेबांना तो उचलून थेट वर पाठवता येतो.

पट स्वच्छ करा. हे काम ऑगस्टमध्येच. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधलं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का? "गणपत" आणि "गणपती" एवढ्या फरकानेही मूल बाद ठरतं. आधार केंद्र तालुक्याला असतं, पावसात नेट जातं, आणि ३० सप्टेंबर त्यासाठी थांबत नाही. उलट बाजूही सांगतो: मुंबईला गेलेल्या मुलांची नावं पटावर ठेवून आकडा फुगवू नका. ते पकडलं जातं, आणि मग तुमच्या खऱ्या मागणीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

स्थलांतरित मुलांचं वेगळं लिहा. रायगडमधली कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. रत्नागिरी-देवगडकडे आंब्याच्या बागांत नेपाळी राखणदारांची कुटुंबं राहतात. यातली बरीच मुलं ३० सप्टेंबरच्या पटात सापडत नाहीत. तरी कलम १४ प्रमाणे वयाचा दाखला नाही म्हणून, आणि कलम ५ प्रमाणे आधीच्या शाळेच्या दाखल्याला उशीर झाला म्हणून, प्रवेश अडवता येत नाही. अशी मुलं कोणत्या महिन्यात येतात आणि जातात याची नोंद ठेवलीत, तर हंगामी वसतिगृहाची किंवा जादा शिक्षकाची मागणी टिकते.

आणि सातबारा काढा. हे कोणालाच सुचत नाही. कोकणातल्या कितीतरी शाळा कोणा खोताने किंवा गावकऱ्याने तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत. सातबाऱ्यावर आजही त्याच घराण्याची सामाईक नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. जागा शाळेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या नावे नसेल तर नव्या खोलीचा प्रस्ताव तिथेच अडकतो. बक्षीसपत्रासाठी सगळे वारस एकत्र लागतात, आणि ते एकत्र येतात गणपतीत किंवा शिमग्याला. म्हणजे कागद जुलैतच तयार हवेत, चाकरमानी गावात असतानाच सह्यांचं ठरायला हवं.

टप्पा ४: ठराव लिहा

ठरावात भावना कमी, आकडे आणि मुदत जास्त. समजा ३१ मुलांच्या दोनशिक्षकी शाळेत एकच शिक्षक आहे. ठराव असा लिहिता येईल:

"ठराव क्र. ३. शाळेत मंजूर पदे २, कार्यरत १. दि. १५ जूनपासून इ. १ ली ते ५ वीचे ३१ विद्यार्थी एकाच शिक्षकाकडे आहेत. शिक्षण हक्क अधिनियम २००९ च्या कलम २६ नुसार रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू नयेत. सबब, रिक्त पद भरेपर्यंत कामगिरीने शिक्षक द्यावा व नियमित नियुक्ती कोणत्या तारखेपर्यंत होईल ते लेखी कळवावे, असे सर्वानुमते ठरले. सूचक: ... अनुमोदक: ..."

"तातडीने योग्य ती कार्यवाही व्हावी" असं लिहू नका. या वाक्याला उत्तरही तसंच येतं: "योग्य ती कार्यवाही सुरू आहे."

समितीच्या ठरावानंतर तोच विषय ग्रामसभेत न्या. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास होतात. विषय आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. ऐनवेळी उठून बोललात तर इतिवृत्तात "चर्चा झाली" एवढंच उरतं. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी ती, त्यामुळे वाडीतली माणसं स्वतः घेऊन या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. पाण्याची टाकी, मुलींच्या शौचालयाचं दार, अंगणवाडीची फरशी अशा लहान गोष्टी त्यातूनच मागा. त्यासाठी जिल्ह्याला जायची गरज नाही.

टप्पा ५: योग्य टेबल, योग्य महिना

शिडी अशी: मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी, जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मग मुख्य कार्यकारी अधिकारी. पायरी गाळून थेट वर गेलात तर अर्ज "अहवालासाठी" पुन्हा खाली येतो आणि महिना फुकट जातो. प्रत वर पाठवा, मूळ अर्ज योग्य पायरीवरच द्या.

एक हमखास गल्लत: त्याही वर जायचं झालं की लोक बेलापूरच्या कोकण भवनाला पत्र धाडतात. विभागीय आयुक्त तिथे असतात हे खरं. पण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गासाठी विभागीय शिक्षण उपसंचालक कोल्हापूरला बसतात. रायगड मात्र मुंबई विभागात आहे.

आता महिने:

- जुलै: गळतीचे फोटो, पावसाळी वाटेचं मोजमाप.
- ऑगस्ट ते ३० सप्टेंबर: पट, आधार, शाळेची यूडायस माहिती (शाळेतल्या सोयींची सरकारी ऑनलाइन नोंद). शौचालय "आहे" असं भरलं गेलं असेल आणि ते वापरात नसेल, तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. एकदा "आहे" म्हटलं की नवं मिळत नाही.
- ऑक्टोबर-नोव्हेंबर: शाखा अभियंत्याकडून पाहणी आणि अंदाजपत्रक.
- डिसेंबरअखेर: कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा पूर्ण. समग्र शिक्षा या केंद्र पुरस्कृत योजनेचं पुढच्या वर्षाचं नियोजन आणि जिल्हा नियोजन समितीचा प्रारूप आराखडा याच सुमारास आकार घेतो.
- जानेवारी ते मार्च: पाठपुरावा. जिल्हा परिषदेचं स्वतःचं अंदाजपत्रक मार्चमध्ये होतं.
- एप्रिल-मे: काम प्रत्यक्ष. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर छपराला हात लावता येत नाही, हे ठेकेदाराला ठाऊक असतं. तुम्हीही लक्षात ठेवा.

एसटीच्या वेळेचा प्रश्न शिक्षण खात्याकडे नेऊच नका. तो आगार व्यवस्थापकांचा आणि त्यावर विभाग नियंत्रकांचा. सिंधुदुर्गासाठी कणकवली, रायगडसाठी पेण. मुलींना बारावीपर्यंत मोफत पास आहे, पण शाळा सुटल्यावर तासभराने गाडी असेल तर पासाचा उपयोग काय? शाळेची वेळ, गाडीची सध्याची वेळ, थांब्यावर थांबणाऱ्या मुलांची संख्या, एवढ्या तीन ओळींचा अर्ज पुरतो.

*तपासा:* आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. "साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा" म्हणाले तरी आवक लिपिक जागेवर असतो. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या आणि ती प्रत शाळेत न ठेवता घरी ठेवा.

टप्पा ६: उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार

अर्ज देऊन महिना झाला आणि उत्तर नाही, की जोडपत्र अ (माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना) भरा आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा, यावरच पुष्कळ अर्ज फेटाळले जातात. "शिक्षक का दिला नाही?" असं विचारू नका. कारणं विचारली की "ही माहिती नव्हे" असं उत्तर येतं. कागद मागा: शाळेच्या संचमान्यतेची प्रत, मंजूर आणि कार्यरत पदांची यादी, कामगिरीच्या आदेशांच्या प्रती, आणि समितीच्या अमुक तारखेच्या पत्रावर लिहिलेल्या टिपणीची प्रत. शेवटची सर्वांत मोलाची, कारण फाईल कोणी, कुठे आणि काय लिहून थांबवली ते तिच्यातच दिसतं.

३० दिवसांत उत्तर हवं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं. दुसऱ्या अपिलाला खूप वेळ लागतो, त्यावर विसंबून बसू नका. बहुतेक कागद पहिल्या अपिलाच्या सुनावणीतच हातात पडतात.

टप्पा ७: कलम ३२ ची तक्रार

कायद्यातलं हे सर्वांत कमी वापरलेलं कलम. मुलाच्या शिक्षण हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते, आणि त्यांनी संबंधितांना बाजू मांडायची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. मात्र अर्जाच्या विषयातच "शिक्षण हक्क अधिनियम २००९, कलम ३२ अन्वये तक्रार" असं लिहा, नाहीतर ते आणखी एक निवेदन म्हणून दप्तरी दाखल होतं.

जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. मुद्दा साधा असेल आणि कागद पूर्ण असतील तर तोही वापरा.

*सावधान:* मारहाण, छळ किंवा लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर यातला एकही टप्पा लागू नाही. ठराव नाही, सभा नाही, "आधी गावात बसून बोलू" नाही. लगेच १०९८ किंवा पोलीस. मुलाचं नाव, वाडी, फोटो कोणत्याही ग्रुपवर जाऊ देऊ नका, तो स्वतंत्र गुन्हा आहे.

टप्पा ८: एका शाळेचा प्रश्न धोरणाचा कसा करायचा

एकट्या शाळेला "अपवाद करता येत नाही" असं उत्तर मिळतं. तुमच्या केंद्रप्रमुखांच्या हाताखालच्या आठ-दहा शाळांचे तक्ते एकाच नमुन्यात असतील तर ते उत्तर देता येत नाही. मग मागणी बदला. "आम्हाला शिक्षक द्या" ऐवजी "बदली झालेल्या शिक्षकाला पर्यायी शिक्षक रुजू झाल्याशिवाय कार्यमुक्त करू नये" असा सर्व शाळांचा सारखा ठराव करा. तोच ठराव ग्रामसभांकडून, सरपंचांकडून, आमदारांकडून वर जाऊ द्या. आमदारांकडे जाताना भाषण नेऊ नका. विधिमंडळात विचारता येईल असा एक प्रश्न आणि एक तक्ता न्या.

समूह शाळेचा, म्हणजे लहान शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र करण्याचा, विषय याच टप्प्यातला. सप्टेंबर २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले गेले, आणि नमुना म्हणून पानशेत आणि तोरणमाळची नावं पुढे आली. तुमच्या वाडीपर्यंत असा प्रस्ताव आला तर नुसता "विरोध" लिहू नका. लेखी विचारा: वाहन कोणाचं, बंद पडलं तर कोण जबाबदार, दरड पडलेल्या दिवशी मुलं कुठे थांबणार, सहा वर्षांच्या मुलीसोबत गाडीत कोण असणार. प्रत्येक प्रश्नासोबत तुमचा पावसाळी वाटेचा रकाना जोडा.

मुंबईकर मंडळाचा, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाचा, उपयोग करून घ्या, पण पंखे आणि प्रोजेक्टरच्या देणग्यांपुरता नको. मंत्रालय त्यांच्या हाताशी आहे. फाईल कोणत्या कक्षात आहे ते विचारून येणारा एक माणूस गावातल्या शंभर सह्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

वर्तमानपत्र सगळ्यात शेवटी, आणि तेही पोच मिळालेल्या अर्जांच्या तारखांसह. शाळेला टाळं ठोकायच्या मी सरळ विरोधात आहे. मुलांचे दिवस बुडतात, त्रासलेले पालक दाखले काढून इंग्रजी शाळेत जातात, आणि तुटलेला पट ३० सप्टेंबरला तुमच्याच विरुद्ध मोजला जातो.

टप्पा ९: मंजुरी आली, आता?

प्रशासकीय मान्यता म्हणजे काम नव्हे. तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, हे सगळं बाकी असतं. कार्यारंभ आदेशाची आणि अंदाजपत्रकाची प्रत समितीकडे ठेवा. अंदाजपत्रकात सागवानी वासे असतील आणि ट्रकमधून जंगली लाकूड उतरलं, तर त्याच दिवशी फोटो काढून शाखा अभियंत्याला लेखी कळवा. छप्पर चढल्यावर वासे मोजायला कोणी येत नाही.

शिक्षक मिळाला असेल तर रुजू अहवालाची तारीख आणि त्याच्या आदेशातला "तात्पुरत्या स्वरूपात" हा शब्द पाहा. कामगिरीवर आलेला शिक्षक वर्षअखेर परत जाऊ शकतो, त्यामुळे नियमित पदाचा पाठपुरावा चालूच ठेवा.

समिती बदलली की फाईल हरवते, हे दर दोन वर्षांनी होतं. अर्जांच्या पोचा, तक्ते, सातबारा, उत्तरं यांचा एक संच ज्यांचं मूल अजून पहिली-दुसरीत आहे अशा पालकांकडे द्या. त्यांना ती फाईल अजून तीन-चार वर्षं लागणार आहे.